उसन्या प्रवाशांवर उडालेली विमाने

बेल्जियमची राष्ट्रीय विमानकंपनी सबेना ७ नोव्हेंबर २००१ रोजी दिवाळखोरीत निघाली. तिच्या मरणाचा विषय निघाला की तीन कारणे ठरल्यासारखी पुढे येतात: न्यूयॉर्कवरचा ११ सप्टेंबरचा हल्ला, भागीदार स्विसएअरने दिलेला दगा आणि बेल्जियम सरकारचा ढिसाळ कारभार. तिन्ही कारणे खरी आहेत. मात्र त्यांतून एवढेच कळते की कंपनी त्याच महिन्यात का बुडाली. ब्रसेल्सहून अमेरिकेला जाणारे मार्ग पुढे कोणत्याही स्वतंत्र बेल्जियन कंपनीला का टिकवता आले नाहीत, याचे उत्तर त्यांत नाही. सिटीबर्ड सबेनाच्या महिनाभर आधी गेली, व्हीजी एअरलाइन्स एका वर्षाच्या आतच आटोपली आणि एअर बेल्जियमने २०२३ मध्ये प्रवासी वाहतूकच सोडून दिली. मालक वेगळे, काळ वेगळा, विमानांच्या जाती वेगळ्या, आणि शेवट तोच. इतक्या वेळा तीच गोष्ट घडते तेव्हा दोष एखाद्या संचालकाच्या स्वभावात शोधून भागत नाही. माझ्या मते बेल्जियमच्या अटलांटिक मार्गांचे मूळ दुखणे एकच होते. ही विमाने केवळ बेल्जियन प्रवाशांवर कधीच उडाली नाहीत. ती भरायची ती दुसरीकडून आणलेल्या माणसांनी, आणि ती माणसे आणण्याची वाट हाती होती तोवरच मार्ग चालले.

ही गोष्ट विमानांच्याही आधीची आहे. अँटवर्प बंदरातून १८७३ पासून रेड स्टार लाइनची जहाजे अमेरिकेला जाऊ लागली आणि १९३४ पर्यंत त्यांनी सुमारे २० लाख माणसे पलीकडे नेली. बेल्जियमच्या इतिहासात या कंपनीला मानाचे पान आहे, अँटवर्पला तिचे संग्रहालयही आहे. पण जहाजांच्या तळमजल्यावर दाटीवाटीने बसलेले बहुतेक लोक बेल्जियन नव्हते. ते रशियन साम्राज्यातले, पोलंडचे, ऑस्ट्रिया-हंगेरीचे, जर्मनीचे होते. त्यांत गरिबीला कंटाळलेले शेतकरी होते आणि छळाला भिऊन निघालेले ज्यूही होते. आगगाडीने ते अँटवर्पला पोहोचत आणि तिथून जहाजात चढत. कंपनीमागचे भांडवलही मुख्यतः फिलाडेल्फियाचे, अमेरिकन. म्हणजे प्रवासी पूर्व युरोपचा, पैसा अमेरिकेचा, आणि बेल्जियमचा धक्का, रेल्वे व कारकून. १९२० च्या दशकात अमेरिकेने स्थलांतरितांवर कडक मर्यादा घातल्या तेव्हा या धंद्याचा पायाच गेला. बेल्जियन माणसांच्या मागणीने तो सावरण्यासारखा नव्हता, कारण ती मागणी मुळातच किरकोळ होती.

सबेनाची स्थापना १९२३ मध्ये झाली ती अमेरिकेकडे पाहून नव्हे, तर काँगोकडे पाहून. महाराष्ट्राच्या जेमतेम एक दशांश आकाराच्या देशात अंतर्गत विमानसेवेला अर्थच नव्हता, आणि त्याच्या ताब्यात आफ्रिकेत स्वतःच्या पंचाहत्तर पटींहून मोठी वसाहत होती. १९२५ मध्ये एडमंड थिएफ्री याने ब्रसेल्स ते लिओपोल्डव्हिल, म्हणजे आजचे किन्शासा, हे अंतर ५१ दिवसांत कसेबसे पार केले. १९३५ मध्ये त्या मार्गावर नियमित सेवा सुरू झाली. एक योगायोग पाहण्यासारखा आहे: ब्रसेल्सहून किन्शासा आणि ब्रसेल्सहून न्यूयॉर्क ही दोन्ही हवाई अंतरे साधारण सहा हजार किलोमीटरच्या आसपास आहेत. लांब पल्ल्याची विमाने, त्यांवरचे वैमानिक आणि त्यांची देखभाल करणारे कारखाने काँगोसाठी उभे राहिले. तीच कमाई पुढे अटलांटिकवर कामी आली. दुसऱ्या महायुद्धात बेल्जियम जर्मनांच्या ताब्यात गेला तेव्हा सबेना जगली ती आफ्रिकेत. अमेरिकेच्या पॅन अॅमने डिसेंबर १९४१ मध्ये लिओपोल्डव्हिलपर्यंत आपले बोइंगचे उडते जहाज नेले, ते काही पर्यटनासाठी नव्हे. काँगोत तांबे होते, आणि शिंकोलोब्वेच्या खाणीत युरेनियम होते.

युद्ध संपल्यावर मार्ग कोणी उडवायचे हे बाजाराने नव्हे, करारांनी ठरवले. १९४४ च्या शिकागो परिषदेत सर्वांना सर्वत्र मोकळे आकाश काही मिळाले नाही, म्हणून दोन-दोन देशांनी आपसांत करार करायचे आणि एकमेकांच्या कंपन्यांना ठरावीक मार्ग द्यायचे, अशी पद्धत पडली. अमेरिकेने ब्रिटनशी तसा करार १९४६ च्या फेब्रुवारीत बर्म्युडात केला आणि त्याच वर्षी बेल्जियमशीही केला. ४ जून १९४६ रोजी सबेनाचे डीसी-४ जातीचे विमान न्यूयॉर्कला निघाले. शेजारच्या हॉलंडच्या केएलएमने आपली सेवा त्याआधी दोनच आठवडे सुरू केली होती. विमाने हळू होती, वाटेत न्यूफाउंडलंडमधल्या गँडरसारख्या ठिकाणी इंधनासाठी उतरावे लागे, आणि त्याच गँडरजवळ १८ सप्टेंबरला सबेनाचे एक डीसी-४ जंगलात कोसळून २७ माणसे गेली. वाचलेल्यांना अमेरिकी तटरक्षक दलाने हेलिकॉप्टरने बाहेर काढले. प्रवासी विमानाच्या अपघातात हेलिकॉप्टरने केलेल्या सुटकेच्या अगदी पहिल्या प्रसंगांत त्याची गणना होते. सेवा मात्र थांबली नाही. डीसी-४ च्या जागी डीसी-६ आले, मग डीसी-७सी. या काळात करारच कंपनीचे संरक्षण करत होता. भाडे आंतरराष्ट्रीय संघटनेत ठरे, स्पर्धक मोजके असत, आणि प्रत्येक देशाला आपले झेंड्याचे विमान न्यूयॉर्कला उतरवण्याचा जणू हक्कच होता.

तरीही विमान भरायचे कोणी, हा प्रश्न होताच, आणि सबेनाने तो कसा सोडवला हे तपशिलाने पाहण्यासारखे आहे. १ सप्टेंबर १९५३ रोजी कंपनीने ब्रसेल्सहून शेजारच्या देशांतल्या शहरांना नियमित हेलिकॉप्टरसेवा सुरू केली. प्रवाशांसाठीची जगातली पहिली आंतरराष्ट्रीय नियमित हेलिकॉप्टरसेवा ती हीच. सिकोर्स्की एस-५५ हेलिकॉप्टरे रॉटरडॅम, लील, मास्ट्रिश्ट, कोलोन, बॉन अशा ठिकाणांहून माणसे उचलून आणत. पुढे मोठी एस-५८ आली आणि १९५७ मध्ये पॅरिसही जोडले गेले. आज हा प्रकार हौशी वाटतो, आणि हिशेबाने तो तोट्याचाच होता. १९६६ मध्ये तो बंद पडला. पण नकाशा पुढे घेऊन बसले की हौसेखालची गरज दिसते. रॉटरडॅम हा केएलएमचा मुलूख, पॅरिस एअर फ्रान्सचे, कोलोन-बॉन पश्चिम जर्मनीची राजधानी आणि तिचा शेजार. सबेना शेजाऱ्यांच्या अंगणातून त्यांचे प्रवासी ब्रसेल्सला खेचून आणत होती. दुसरा पुरवठा काँगोचा होता: अमेरिकन मिशनरी, खाणींशी संबंधित लोक, व्यापारी, अधिकारी. लिओपोल्डव्हिलहून निघालेला माणूस ब्रसेल्सला विमान बदलून न्यूयॉर्कला जाई, आणि दोन्ही तिकिटे सबेनाचीच असत. १९५८ च्या ब्रसेल्स जागतिक प्रदर्शनाने, चार कोटींहून अधिक लोकांनी पाहिलेल्या त्या सोहळ्याने, तिसरा पुरवठा दिला, पण तो अर्थातच एका मोसमापुरता. या जोरावर सबेनाने बोइंग ७०७ घेण्याचे धाडस केले आणि २३ जानेवारी १९६० रोजी तिचे पहिले जेट ब्रसेल्सहून न्यूयॉर्कला गेले. बोइंग ७०७ अटलांटिकवर नेणारी युरोपच्या मुख्य भूमीवरची ती पहिली कंपनी.

हा क्षण सबेनाच्या वैभवाचा म्हणून सांगितला जातो. मला तो उतरणीचा वाटतो. कारण जेट आल्यावर पाचच महिन्यांत, ३० जूनला काँगो स्वतंत्र झाला. जुलैत तिथल्या सैन्यात बंड उसळले आणि भयभीत बेल्जियन कुटुंबांना मायदेशी आणण्यासाठी सबेनाने जवळजवळ सगळा ताफा जुंपला. तीन आठवड्यांत पंचवीस हजारांहून अधिक माणसे आली. नवी ७०७ विमानेही त्याच कामाला लागली आणि त्यांत नेहमीच्या क्षमतेच्या कितीतरी पलीकडे माणसे कोंबली गेली. पुढच्या वर्षी एअर काँगो ही वेगळी कंपनी निघाली. सबेनाचे काँगोतले अंतर्गत जाळे तिच्याकडे गेले आणि युरोपच्या मार्गावरची मक्तेदारीही संपली. इथे कोणी म्हणेल की काँगो म्हणजे नफ्याची खाण नव्हती, तिथल्या अनेक सेवांना सरकारी आधार लागे. मान्य. पण प्रश्न नफ्याचा नाही, प्रवाह कुणाच्या हाती होता याचा आहे. काँगोचा प्रवासी दुसऱ्या कोणाकडे सहज जाऊ शकत नव्हता. त्याला ब्रसेल्सवरूनच जावे लागे. अशी हुकमी गर्दी सबेनाला पुन्हा कधी मिळाली नाही. १५ फेब्रुवारी १९६१ रोजी न्यूयॉर्कहून आलेले ७०७ ब्रसेल्सजवळच्या बेर्ग गावात कोसळले आणि विमानातले सर्व ७२ जण आणि जमिनीवरचा एक शेतकरी गेला. मृतांत अमेरिकेचा संपूर्ण फिगर स्केटिंग संघ होता. त्यामुळे त्या वर्षीची जागतिक स्पर्धाच रद्द झाली. स्पर्धा होती प्रागला. ते प्रवासीही ब्रसेल्सला केवळ विमान बदलायला येत होते.

साठ-सत्तरच्या दशकांत सबेनाने नकाशावर बऱ्याच रेषा ओढल्या. माँट्रियल, मेक्सिको सिटी, पुढे शिकागो, अटलांटा, डेट्रॉइट, बोस्टन. रेषा वाढल्या म्हणजे धंदा वाढला असे मात्र नाही. १९७०-७१ च्या सुमारास कंपनीने जम्बो ७४७ घेतली तीही दोनच, आणि एवढ्या छोट्या ताफ्याची देखभाल एकट्याने परवडणार नाही म्हणून लुफ्तान्झा, एअर फ्रान्स, अलितालिया यांच्याबरोबरच्या संयुक्त गटात सामील झाली. शेजाऱ्याकडे जम्बो आहे म्हणून आपल्याकडेही हवे, हा त्या काळचा राष्ट्रीय कंपन्यांचा सार्वत्रिक आजार होता; सबेनाला तो झाला याचे नवल नाही. सुमारे एक कोटी लोकसंख्येच्या देशात साडेतीनशे जागांचे विमान रोज भरायचे तर ‘सहाव्या स्वातंत्र्या’चाच आधार होता. म्हणजे परदेशी माणसाला आपल्या शहरात आणून तिसऱ्या देशात पोहोचवण्याची मुभा. सबेनाने तेच केले. पण आता तेच फ्रँकफर्ट, अॅमस्टरडॅम, लंडन, झुरिकही करत होते, आणि ब्रसेल्सवरूनच जायला लावील असे प्रवाशापाशी कोणतेच कारण नव्हते. १९७८ मध्ये अमेरिकेशी उदार करार झाला, सबेनाला अटलांटासारखे नवे दरवाजे उघडले, आणि त्याच दरवाजांतून १९७९ मध्ये डलासची ब्रॅनिफ थेट ब्रसेल्सला येऊन ठेपली. करार दोन्ही बाजूंना सारखा होता. मात्र एका बाजूला अमेरिकेतल्या शेकडो गावांचे प्रवासी एका विमानतळावर गोळा करू शकणाऱ्या कंपन्या होत्या, आणि दुसऱ्या बाजूला एक विमानतळ.

या मांडणीवरचा सर्वांत वजनदार आक्षेप हॉलंडचा आहे. तोही छोटा देश, त्यानेही इंडोनेशियासारखी वसाहत गमावली, मग केएलएम कशी टिकली? आक्षेप बरोबर आहे, आणि म्हणूनच मी देशाच्या आकाराला दोष देत नाही. केएलएमच्या हातून वसाहत सबेनापेक्षा दहा वर्षे आधी गेली. दुसऱ्यांचे प्रवासी बदलून नेणे हाच आपला धंदा आहे हे तिला लवकर उमगले आणि स्किपोल विमानतळाची आखणीच त्यासाठी झाली. त्याहून महत्त्वाचे, तिने पलीकडच्या किनाऱ्यावर पुरवठादार गाठला. १९८९ मध्ये तिने अमेरिकेच्या नॉर्थवेस्ट या विमानकंपनीत हिस्सा घेतला, १९९२ मध्ये डच सरकारने अमेरिकेशी खुल्या आकाशाचा करार केला, आणि १९९३ च्या जानेवारीत दोन्ही कंपन्यांना अमेरिकेच्या मक्तेदारीविरोधी कायद्यातून सूट मिळाली. म्हणजे भाडी, वेळा, जागा एकत्र ठरवायला त्या मोकळ्या झाल्या. बेल्जियमचा असा करार १९९५ चा, आणि सबेनाची अमेरिकेच्या डेल्टाशी झालेली युती सूट मिळून पूर्णपणे उभी राहिली १९९६ मध्ये. ती युती चांगली चालली, हे मुद्दाम सांगायला हवे, कारण सबेनाला अटलांटिकवर जमतच नव्हते असा समज त्याने खोटा ठरतो. अटलांटाला गोळा झालेला डेल्टाचा प्रवासी ब्रसेल्सला येत होता. पण १९९९ मध्ये डेल्टाने एअर फ्रान्सशी हातमिळवणी जाहीर केली आणि हा प्रवाह पॅरिसकडे वळला. स्वित्झर्लंडचे उदाहरण इथे उलट बाजूने उपयोगी पडते: श्रीमंत देश, शिस्तीची ख्याती, आणि तरी स्विसएअरची विमाने सबेनाच्या महिनाभर आधी, २ ऑक्टोबर २००१ रोजी जमिनीला खिळली.

दुसरा आक्षेप असा की ब्रसेल्स म्हणजे साधे शहर नव्हे. १९५८ पासून युरोपीय समुदायाची कार्यालये तिथे आहेत, १९६७ मध्ये नाटोचे मुख्यालय पॅरिसहून तिथे आले. मुत्सद्दी, लष्करी अधिकारी, वकील, दबावगट यांच्यासारखा महागडे तिकीट काढणारा प्रवासी युरोपात फार थोड्या शहरांना लाभतो. हे खरे आहे, पण हा प्रवासी अमेरिकेच्या सरकारी खर्चाने येणारा असेल तर त्याला तिथल्या त्या काळच्या नियमांनुसार शक्यतो अमेरिकन विमानानेच यावे लागे. आणि खासगी कंपनीचा असेल तर त्याला सकाळ-संध्याकाळ सोयीच्या वेळा हव्या असतात, ज्या देणे दिवसाला एक विमान पाठवणाऱ्या कंपनीला जमत नाही. राहिला सामान्य बेल्जियन. तो तर ब्रसेल्सच्याच हातून सुटत गेला. १९९७ च्या अखेरीस थॅलिस रेल्वेने पॅरिस-ब्रसेल्स अंतर दीड तासाच्या आत आणले, आणि २००१ मध्ये एअर फ्रान्सने या दोन शहरांमधली आपली विमाने बंद करून शार्ल द गोल विमानतळाकडे जाणाऱ्या त्या गाड्यांतच जागा घेतल्या. हेलिकॉप्टरांनी शेजाऱ्यांची माणसे ब्रसेल्सला आणली होती. आता आगगाडी ब्रसेल्सची माणसे पॅरिसला नेऊ लागली, तीही स्वस्तात आणि दर तासा-दोन तासांनी.

स्विसएअरच्या दग्याबद्दल बेल्जियममध्ये अजून कडवटपणा आहे, आणि तो निराधार नाही. १९९५ मध्ये स्विसएअरने ४९.५ टक्के हिस्सा घेतला, कारभार आपल्या हाती घेतला, १९९७ मध्ये कंपनीला न पेलणारी ३४ एअरबस विमानांची मागणी नोंदवायला लावली आणि शेवटी ठरलेले पैसे दिलेच नाहीत. संसदेने यावर चौकशी समिती नेमली. पण त्याआधी एअर फ्रान्सने १९९२ मध्ये हिस्सा घेतला, तो सोडला. मग स्विसएअर आली. दहा वर्षांत दोनदा परक्या भागीदाराच्या दारात का जावे लागले, हा प्रश्न दग्याच्या आधीचा आहे. शेवटच्या दिवशी ब्रसेल्सच्या झावेन्टेम विमानतळावर उतरलेले सबेनाचे शेवटचे विमान न्यूयॉर्कहून आलेले नव्हते. ते पश्चिम आफ्रिकेतल्या आबिजानहून कोटोनूमार्गे आले होते. कंपनीचा जो भाग पुढे दुसऱ्या नावाने जगला, त्यानेही लांब पल्ल्यासाठी आधी आफ्रिकाच धरली.

सबेनाशिवायचे प्रयोग हे या मुद्द्याचे जवळजवळ प्रयोगशाळेतले पुरावे आहेत, म्हणून त्यांच्याकडे हिणवून पाहू नये. व्हिक्टर हासन यांनी आपली युरोबेल्जियन एअरलाइन्स १९९६ मध्ये रिचर्ड ब्रॅन्सनना विकली आणि सिटीबर्ड काढली. मार्च १९९७ पासून एमडी-११ विमाने ब्रसेल्सहून नेवार्क, मायामी, ऑर्लँडो, लॉस एंजेलिस, ओकलंड इथे स्वस्तात जाऊ लागली. लांब पल्ल्याची स्वस्त सेवा ही कल्पना पुढे नॉर्वेजियनसारख्यांनी जगभर गाजवली. सिटीबर्डने ती सुमारे दीड दशक आधी करून पाहिली. पण ब्रसेल्सला प्रवासी आणून देणारी छोटी विमाने तिच्याकडे नव्हती आणि अमेरिकेत कोणी भागीदार नव्हता. लवकरच तिची काही विमाने सबेनाच्याच रंगात, सबेनासाठी भाड्याने उडू लागली, म्हणजे ज्या कंपनीला शह द्यायचा तिच्याच प्रवाशांवर तिला जगावे लागले. ऑक्टोबर २००१ मध्ये ती बंद पडली. २००२ मध्ये फ्रेडी व्हान गेव्हर यांच्या व्हीजी एअरलाइन्सने एअरबस ए३३० घेऊन न्यूयॉर्क, बोस्टन, लॉस एंजेलिस धरले. मैदान मोकळे होते, सबेना नव्हती, सिटीबर्ड नव्हती. मधेच सामानाच्या बॅगा बनवणाऱ्या डेल्सीचे नाव लावून पाहिले आणि नोव्हेंबरात सगळे संपले. बेल्जियन स्पर्धक नसतानाही विमान भरत नाही, हे यातून जितके स्पष्ट दिसले तितके दुसऱ्या कशातून दिसले नसेल. एअर बेल्जियमने २०१९ च्या अखेरीस शार्लरुआहून ग्वादलूप आणि मार्टिनिक या कॅरिबियन बेटांकडे जुनी ए३४० नेली. तिथली गर्दी फ्रेंच होती आणि तिला पॅरिसहून थेट विमाने होती. ऑक्टोबर २०२३ मध्ये प्रवासी सेवा थांबली, मालवाहतूक काही काळ तगली.

उलट पुरावा हवा असेल तर तो मुंबईतून मिळतो. ऑगस्ट २००७ मध्ये मुंबईच्या जेट एअरवेजने मुंबई-ब्रसेल्स-नेवार्क सेवा सुरू केली, आणि काही महिन्यांतच दिल्लीहून टोरंटोला व चेन्नईहून न्यूयॉर्कला जाणारी विमानेही ब्रसेल्सवरून जाऊ लागली. सकाळी तिन्ही भारतीय विमाने झावेन्टेमला जवळपास एकाच वेळी उतरत आणि तिथे प्रवाशांची अदलाबदल होई, त्यामुळे चेन्नईचा माणूस टोरंटोला आणि मुंबईचा माणूस न्यूयॉर्कला जाऊ शके. ज्या धावपट्टीवरून बेल्जियन कंपन्यांना नेवार्क जमले नाही, तिथून एका भारतीय कंपनीने ते साडेआठ वर्षे चालवले, कारण न्यू जर्सीकडे निघालेली मराठी, गुजराती, तेलुगू कुटुंबे ती स्वतःच्या घरून घेऊन येत होती. मार्च २०१६ मध्ये जेटने हा तळ अॅमस्टरडॅमला हलवला. तिथे पलीकडच्या किनाऱ्यासाठी डेल्टा आणि केएलएम तयार होत्या. ब्रसेल्सकडे देण्यासारखे तसे काही नव्हते. सबेनाच्या त्या उरलेल्या भागातून पुढे आलेली ब्रसेल्स एअरलाइन्स २०१२ पासून न्यूयॉर्कला जाते, पण ती स्वतंत्र नाही, लुफ्तान्झाच्या मालकीची आहे. अमेरिकेतला भागीदार युनायटेड तिला त्या घरातूनच मिळाला, आणि तिच्या विमानात किन्शासा, डकार, आबिजानहून आलेले प्रवासी बसतात.